धाकू मेस्त्री आणि दस्त्याचं तेल

धाकू मेस्त्रींच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तो त्यांना दम द्यायला.

एकोणीसशे पंचवीस-सव्वीस साल असेल. रत्नागिरीच्या कलेक्टर कचेरीत मला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं आणि बंदुकांच्या परवान्यांचं टेबल नुकतंच माझ्याकडे आलं होतं. जिल्ह्यात बंदुका पुष्कळ. बहुतेक ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू नि छर्रे भरून गजाने ठासायच्या. रानडुकरांपासून भात आणि माकडांपासून नारळ राखायला शेतकऱ्यांना त्या दिलेल्या असत. एके दिवशी शिरस्तेदारांनी एक निनावी अर्ज माझ्यापुढे टाकला. झाडगावात धाकू मेस्त्री नावाचा सुतार परवान्याशिवाय बंदुका दुरुस्त करतो, असा त्यात मजकूर होता.

"जाऊन बघा," शिरस्तेदार म्हणाले, "आणि जरा आवाज चढवून बोला. तुमचा आवाज बारीक आहे."

मी टोपी नीट केली, पट्टेवाल्याला बरोबर घेतलं आणि भर उन्हात झाडगाव गाठलं. घराला लागून झापांनी शाकारलेली एक पडवी, तेच दुकान. आत पाऊल टाकलं आणि मला वाटलं, अर्ज खरा आहे. वाशांना बांधलेल्या सुंभांवर डझनभर बंदुकांचे दस्ते टांगलेले होते. दस्ता म्हणजे बंदुकीचं लाकूड, जे खांद्याला टेकवून आणि गालाला लावून नेम धरायचा. खाली एक पन्नाशीचा सडसडीत माणूस पंचा नेसून बसला होता. चष्म्याची एक दांडी गेलेली, तिथे दोरा लावून तो कानाला बांधलेला. त्याने मान वर केली नाही.

"बंदुका कुठं आहेत?" मी आवाज चढवला.

"बंदुका? एकपण नाय."

"मग हे काय टांगलंय?"

"लाकडं." आता त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नळी, घोडा, चाप, लोखंड सगळं ज्याचं त्याच्या घरी. हितं लाकूड येतं नि लाकूड जातं. लाकडाला परवाना लागत असंल तर सांगा, म्हणजे घराच्या वाशांचापण काढून ठेवतो."

पट्टेवाला हसला. मी खिशातला नियमांचा कागद काढून वाचला. लाकडाविषयी त्यात अक्षर नव्हतं. मी तो पुन्हा वाचतोय हे पाहून मेस्त्री उठले, आत गेले आणि गुळाचा खडा नि तांब्याभर पाणी घेऊन आले.

"बसा. उन्हातनं आलात. दम देतानापण घसा सुकतो."

'दुकानात शस्त्र आढळले नाही' असा अहवाल मी दिला. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, त्याच्या पुढच्याही. मग ती सवयच झाली, ती माझी बदली होईपर्यंत सुटली नाही.

*

बंदुकीचं लाकूड नीट करण्यात जिल्ह्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि त्या माणसाने आयुष्यात एकदाही बार काढलेला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "न्हावी काय स्वतःची हजामत करतो?"

दस्त्याचा जुना, काळा पडलेला वरचा थर ते खरवतीच्या खरखरीत पानांनी घासून काढत. भेगा असल्या तर सांधत. मग लाकूड उघडं पडलं की खरं काम सुरू होई, ते म्हणजे तेल ठरवायचं. गिऱ्हाईक म्हणे, "लावा कुठलंपण." या वाक्याने मेस्त्रींचं डोकं फिरे.

"कुठलंपण? घरात सून आणताना कुठलीपण म्हणाला होतास?"

मग त्यांचे प्रश्न सुरू होत. बंदूक कुठल्या गावची? खारं वारं लागतं काय? घरात कुठं टांगतोस, चुलीवर की ओटीवर? पावसात घेऊन बाहेर पडतोस की नुसती धाक दाखवायला ठेवलीस? हाताला घाम येतो काय? डावरा की उजवा? एका गृहस्थांनी वैतागून विचारलं होतं, "मेस्त्री, तेल लावताय की पत्रिका जुळवताय?"

"पत्रिका चुकली तर काडीमोड घेता येतो," मेस्त्री म्हणाले.

पडवीच्या बाहेर, समुद्राकडच्या अंगाला त्यांनी शिवणीच्या लाकडाची एक लांब फळी ठोकली होती. तिच्यावर हातभर हातभर अंतराने वेगवेगळ्या तेलांचे पट्टे ओढलेले. खोबरेल, तिळेल, उंडीच्या बियांचं कडू तेल, करंजेल, कच्ची अळशी, उकळलेली अळशी, मेण घातलेली अळशी. ऊन, पाऊस, खारं वारं सगळं त्या फळीने झेलायचं. मेस्त्रींना लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक पट्ट्याखाली पटाशीने एक चित्र कोरलेलं होतं: नारळ, पणती, मासा, छत्री. नव्या गिऱ्हाइकाला ते आधी फळीपाशी उभं करत आणि म्हणत, "हात लाव. डोळ्यानं बघू नको, डोळा लबाड असतो. हात लाव."

मीही हात लावला होता. खोबरेलाचा पट्टा इतक्या वर्षांनंतरही बोटाला चिकटत होता आणि त्याला खवट वास येत होता. उंडीचं तेल काळं पडलं होतं. कच्ची अळशी भर पावसाळ्यात कधीतरी लावलेली, तिच्यावर धूळ बसून खडबडीत झाली होती. उकळलेल्या अळशीचा पट्टा मात्र कोरडा, गार आणि मऊ लागला, जुन्या पाटाच्या कडेसारखा.

"खोबरेल लाकूड पितं, पण पचवत नाय," मेस्त्री म्हणाले. "अळशी वाळते. तिची साय होते लाकडाच्या अंगात. पण दमानं. आज एक हात, पुसून टाकायचा. दोन दिवस गप बसायचं. मंग दुसरा. घाईचं तेल नि घाईचं लगीन, दोन्ही चिकट."

मृग लागला की ते तेलाचं काम बंद करत ते दसऱ्यापर्यंत. कितीही मोठा माणूस आला तरी उत्तर एकच: "हवा ओली हाय." त्या चार महिन्यांत ते देव्हारे आणि पाळणे करत.

*

असाच एक मोठा माणूस हिवाळ्यात आला होता. पोलिसांचा एक गोरा साहेब. त्याची विलायती दुनळी बंदूक, अक्रोडाच्या लाकडाची. रत्नागिरीच्या एका पावसाळ्याने तिच्यावर पांढरे चट्टे उठवले होते. मेस्त्रींचं नाव कुणीतरी त्याला सांगितलं आणि दुभाष्या म्हणून मला जुंपलं. साहेबाने शिपायाच्या हातून नुसतं लाकूड आणलं होतं, कारण मेस्त्रींची अट त्यालाही सांगितली होती. शिवाय त्याने खिशातून एक छोटी बाटली काढली. तीत माणकाच्या रंगाचं तेल होतं. हे खास लंडनहून येतं, हेच लावायचं, दुसरं काही नाही, असं त्याने मला बजावलं.

मेस्त्रींनी बूच काढलं. वास घेतला. एक थेंब नखावर घेऊन उजेडात धरला आणि सरळ जिभेला लावला.

"हे पिण्याचं नव्हे, सांगा त्याला," साहेब घाबरून म्हणाला.

मेस्त्री डोळे मिटून चव घेत होते. "सायबाला सांगा, ही अळशी हाय. घाटावरची आमची अळशी बोटीत बसून विलायतेला गेली नि लाल पोलकं घालून परत आली."

"लाल कशानं?" मी विचारलं.

"रतनजोतीनं. आपल्या बायका डोक्याच्या तेलात घालतात ती मुळी. तसलंच कायतरी."

हे साहेबाला कसं सांगावं, मला कळेना. शेवटी भीतभीत, पोलकं वगळून सांगितलं. साहेब इतका मोठ्याने हसला की पलीकडच्या आवारातल्या कोंबड्या उधळल्या. मग त्याने विचारलं, तर मग तुझं तेल लावणार का? मला वाटलं, मेस्त्री आता आपल्या अळशीची बढाई मारतील.

"नाय, हेच लावतो," ते म्हणाले. "चांगलं शिजवलंय. ज्यानं केलंय तो जाणता माणूस हाय. फक्त महिना लागंल."

साहेबाने महिना दिला. दस्ता परत नेताना त्याने मेस्त्रींच्या दोन्ही हातांकडे नीट पाहिलं आणि उरलेली बाटली तिथेच ठेवली. मेस्त्रींनी ती कधी वापरली नाही. अधूनमधून बूच काढून नुसता वास घेत आणि म्हणत, "कोण असंल तो? आपल्यासारखाच कुठंतरी बसून ढवळत असंल."

*

त्यांची एक सवय मात्र सगळ्या झाडगावात चेष्टेचा विषय होती. दस्ता पुरा झाला, वाळला, गिऱ्हाइकाला निरोप गेला, तरी ते तो लगेच देत नसत. दुपारी जेवण झालं की उंबऱ्यावर बसत, दस्ता मांडीवर उभा धरत आणि त्याला गाल लावून डोळे मिटत. एक विडा चघळून होईपर्यंत उजवा गाल, मग तितकाच वेळ डावा. असं ओळीने आठ दिवस. चैत्र-वैशाखात घामाच्या धारा लागलेल्या असल्या तर जास्तच वेळ. ओला गाल तसाच लाकडावर घासत. येणारे-जाणारे म्हणत, "मेस्त्री दस्त्याशी कानगोष्टी करतोय." पोरं नक्कल करत. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

एकदा मीही विचारलं, "काय सांगतं लाकूड?"

"काय नाय सांगत," ते डोळे न उघडता म्हणाले. "तेच बरं."

मला ती एक लहर वाटली. तिच्यामागचं कारण कळायला मध्ये पाच-सहा वर्षं जावी लागली, आणि ते कळलं माझ्याच टेबलावर.

दसरा होऊन गेला होता. संगमेश्वराकडच्या एका गावची बाई पोलीसपाटलाला बरोबर घेऊन कचेरीत आली. चाळिशी ओलांडलेली, उंचीने ठेंगणी, उन्हाने रापलेली. नवरा आषाढात वारला होता. त्याच्या नावचा बंदुकीचा परवाना आपल्या नावावर करून मागत होती. शिरस्तेदार बाहेर आले.

"मुलगा आहे ना तुम्हाला?"

"हाय. मुंबैला गिरणीत."

"मग त्याच्या नावावर करा."

"तो मुंबैला नि डुकरं हितं."

शिरस्तेदारांनी चष्मा काढला. "अहो बाई, पण बंदूक चालवणार कोण?"

"मीच. बारा वर्सं मीच चालवतंय."

परवाना नवऱ्याचा आणि बार काढणारी ही, म्हणजे बारा वर्षं कायदा मोडल्याची कबुली तिने भर कचेरीत देऊन टाकली होती. पोलीसपाटील आढ्याकडे बघू लागला. मी घाईघाईने टाक दौतीत बुडवला आणि माझ्या बारीक आवाजात जमेल तेवढं मोठ्याने विचारलं, "वय काय लिहू?" शिरस्तेदारही भले माणूस. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "लिहून घ्या आणि बंदूक तपासा," आणि आत निघून गेले.

मी बंदूक तपासली. नळी स्वच्छ होती. पण लाकूड बघून वाईट वाटलं. कुणीतरी काचेच्या तुकड्याने ते खरवडून काढलं होतं आणि त्यानंतर त्याला तेलाचा थेंब लागला नव्हता. नारळाच्या वाळक्या सोडणासारखं करडं पडलेलं. मानेपाशी मोठी भेग, तिला तार गुंडाळलेली.

"ही मान बार काढताना तुटेल, बाई," मी म्हणालो. "तोंडावर येईल. आधी दुरुस्त करा. इथं झाडगावात धाकू मेस्त्री म्हणून आहेत..."

"त्याच्याकडं नाय."

"ओळखता?"

"भाऊ हाय माझा," ती म्हणाली. "त्यानं तेल लावून दिलं नि माझ्या घोवाचा पाय गेला."

एवढंच. बंदूक घोंगडीत गुंडाळून ती निघून गेली.

*

मेस्त्रींना हे सांगावं की नाही, या विचारात माझे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी सांगितलं. ते पावसाळ्यात अर्धवट राहिलेल्या एका पाळण्याचा दांडा रंधत होते. रंधा थांबला.

"गोविंदा गेला?" ते म्हणाले. "कधी?"

"आषाढात."

त्यांनी रंध्याच्या तोंडात अडकलेली ढलपी काढली आणि ती बोटांना गुंडाळत, सोडत राहिले. मग आपणच बोलू लागले.

मेव्हणा गोविंदा त्यांच्याकडे भाद्रपदात आला होता. भात पोटरीला आलेलं आणि डुकरं रोज शेतात उतरत होती. दस्ता पाणी पिऊन फुगलेला. चार दिवसांत करून दे म्हणाला. अळशी त्या हवेत वाळणार नव्हती. "तेव्हा माझ्या अंगात लय मस्ती होती, भाऊराव. मला येत नाय असं कायतरी हाय, हे मला ठावंच नव्हतं." बोटीवाले होड्यांच्या बुडाला काजूच्या टरफलांचं तेल लावतात. वाळवी शिवत नाही, पाणी शिरत नाही. मेस्त्रींनी ते थोडं अळशीत मिसळलं, ऊन ऊन करून लावलं, वर विस्तवावर शेकलं. तीन दिवसांत दस्ता आरशासारखा झाला. गोविंदाने त्यात आपल्या मिशा बघितल्या.

"वरून वाळलं होतं. आत नाय."

काजूचं तेल अंगाला लागलं की उततं, फोड येतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. गोविंदा शेताच्या राखणीला बसला, पाऊस आणि घाम, गाल त्या लाकडाला लावलेला. दोन दिवसांत गालावर फोड आले, तिसऱ्या दिवशी उजवा डोळा सुजून मिटला. घरी जा म्हटलं तर ऐकेना, कारण वर्षाचं भात समोर उभं. त्या सकाळी डुक्कर आलं तेव्हा त्याने लाकडाला गाल न लावताच, हात लांब करून बार काढला. डुकराला छर्रे नुसते चाटून गेले. ते उलटून अंगावर आलं आणि गुडघ्याच्या वर सुळा घुसला.

"जीव वाचला. पाय वाळला," मेस्त्री म्हणाले. "गोविंदानं मला एक शब्द नाय लावला. माझ्या बहिणीनं, सुंद्रानं लावला. माझ्या दारात पाऊल टाकू नको म्हणाली. तिचं बरोबर होतं, म्हणून नाय टाकलं."

मग त्यांनी रंधा उचलला आणि खाली बघतच म्हणाले, "तेव्हापासून पयला गाल माझा."

मी पाळण्याच्या दांड्याचं दुसरं टोक धरून बसलो.

*

ती आली माघात. रविवारच होता आणि मी पडवीत बाकड्यावर बसलो होतो. मेस्त्री उंबऱ्यावर. पावस गावाकडच्या कुणाचा तरी दस्ता तयार झाला होता, त्याला गाल लावून, डोळे मिटून बसले होते. सुंद्राबाई आवाराच्या कवाडातून आत आली आणि त्यांना तसं बघून जागच्या जागी थांबली. तिच्या काखेत घोंगडीचं गाठोडं होतं. आतून लोखंड काढून नुसतं लाकूड आणलं होतं. भाऊ काय घेतो नि काय घेत नाही, हे ती विसरली नव्हती.

मी उठू लागलो, पण तिने मला बघितलंही नाही.

"काय करतोस ह्ये?"

मेस्त्रींनी डोळे उघडले. तसेच बसून म्हणाले, "उततंय काय बघतो."

"कुणाचा हाय?"

"हाय एकाचा. पावसचा."

"पावसच्यासाठी तुझा गाल?"

"सगळ्यांसाठीच. लाकूड हितनं भायेर जायच्या आधी."

"कवापासनं?"

मेस्त्रींनी दस्ता बाजूला ठेवला. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली आणि मग, उत्तर आलं नाही म्हणूनच बहुधा, तिला ते कळलं. ती पडवीच्या कडेला खाली बसली. दीड दिवस चालून आली होती. मेस्त्रींची बायको आतून पाणी घेऊन आली आणि नणंदेला बघून तांब्या हातातच धरून रडायला लागली. सुंद्राबाईच तिला म्हणाली, "दे गो पाणी. रड मागनं."

पाणी पिऊन झाल्यावर तिने गाठोडं सोडलं. "जाताना ते म्हणाले, धाकूकडं ने. मी सात म्हयने नाय आणलं."

मेस्त्रींनी लाकूड हातात घेतलं. बोटं काचेच्या खरवड्यांवरून फिरली, भेगेवर थांबली. मग मी नेहमी ऐकायचो ते प्रश्न सुरू झाले, पण अगदी हळू आवाजात. कुठं टांगतेस? चुलीवरच्या भिंतीला. पावसात नेतेस? न्यावीच लागते. हाताला घाम येतो?

"धरणार कोण?" हा प्रश्न त्यांनी सगळ्यांत शेवटी विचारला.

"मी."

मेस्त्रींनी वर पाहिलं. माझ्याकडून त्यांना एवढंच कळलं होतं की परवाना तिच्या नावावर झाला. बारा वर्षं तीच राखणीला बसते हे मी सांगितलं नव्हतं. ते उठून तिच्यापाशी गेले, सुंभाचा एक तुकडा घेतला आणि म्हणाले, "हात दुमड." तिने कोपर दुमडलं. कोपराच्या खोबणीपासून बोटाच्या पेरापर्यंत त्यांनी सुंभ ताणलं. सुंभ दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा सुंद्राबाईने दुसऱ्या हाताने त्याचं टोक स्वतःच धरलं.

"दोन बोटं जास्त हाय तुला," ते म्हणाले. "खांद्याला बसत नसंल."

"नाय बसत. दर खेपेला हितं काळंनिळं होतं."

"कापू? त्याच्या मापाचं हाय म्हणून विचारतो."

तिने लाकडाकडे बराच वेळ बघितलं. "काप," ती म्हणाली. "ते उंच होते माझ्यापेक्षा."

तेल कुठलं, हे मात्र तिने त्यांच्यावर सोडलं नाही. फळीपाशी गेली, एकेका पट्ट्यावरून तळवा फिरवला आणि उकळलेल्या अळशीपाशी थांबली. "ह्ये. नि त्यात दुसरं कायपण घालायचं नाय."

"नाय घालत."

"माझ्यासमोर शिजव."

मेस्त्रींनी त्याच दुपारी अंगणात चूल मांडली. बहीण चुलीपुढे बसून जाळ घालत होती, भाऊ ढवळत होता. दोघं फारसं बोलत नव्हती. मला आठवतं, एकदा ती म्हणाली, "करपेल," आणि ते म्हणाले, "नाय करपत." बारा वर्षांत दोघांमधलं ते पहिलं भांडण.

*

त्या दस्त्याला त्यांनी शिमग्यापर्यंत वेळ घेतला. भेगेत शिसवीची पाचर बसवली. तेलाचा प्रत्येक हात तळव्याने, लाकूड गरम होईपर्यंत चोळला. मग आठ नव्हे, पंधरा दिवस गाल लावून बसले. आणि लाकूड घेऊन जायला कुणाला निरोप पाठवायच्या ऐवजी घोंगडीत गुंडाळून स्वतःच चालत संगमेश्वराकडे गेले. परत आले तेव्हा मी विचारलं, काय झालं?

"जेवलो," ते म्हणाले. "भाकरी नि कुळथाचं पिठलं."

पुढच्या वर्षी परवान्याच्या नूतनीकरणासाठी तो पोलीसपाटील कचेरीत आला. बंदूक दाखवली. लाकडाला एक गडद, शांत रंग आला होता, नजरेला मुळीच न खुपणारा. पाटील म्हणाला, "बाईंनी मेस्त्रीला एक निरोप दिलाय. गाल बरा हाय, एवढंच सांगा म्हणाल्या." मी संध्याकाळची वाट न बघता जेवणाच्या सुट्टीतच झाडगावला गेलो. निरोप ऐकून मेस्त्रींनी मान हलवली, "बरं," म्हणाले आणि हातातलं पाळण्याचं काम चालू ठेवलं. मी निघताना मात्र त्यांनी मला हाक मारून परत बोलावलं.

"काय म्हणाली? परत सांगा."

मी परत सांगितलं.

*

सदतीसच्या सुमारास माझी ठाण्याला बदली झाली. तोपर्यंत मेस्त्री थकले होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. काम जवळजवळ बंदच होतं. बोट सकाळची होती. ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसांना पडावात, म्हणजे होडीत, घालून तिच्यापर्यंत नेत. मी कुणाला येऊ नका म्हटलं होतं, तरी मांडवीच्या धक्क्यावर पुतण्याचा खांदा धरून मेस्त्री उभे होते. धुवट सदरा घातला होता. मी त्यांना सदऱ्यात त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी माझी लाकडी पेटी चाचपली, कडेवरून अंगठा फिरवला आणि "कुणी केली ही? बिजागरी उलटी बसवलीय," म्हणाले. मग पडावाचा तांडेल ओरडायला लागला आणि मी खाली उतरलो.

माणसं खचाखच भरली होती. आमच्या शेजारून दुसरा एक पडाव त्याच वेळी सुटला आणि काठ्यांच्या रेट्याने दोन्ही पाण्यात एकमेकांपासून दूर जाऊ लागले. मी मागे वळून बघितलं. मेस्त्री धक्क्याच्या अगदी कडेशी आले होते आणि हात वर करून हलवत होते. पण माझ्याकडे नव्हे. त्यांचं तोंड त्या दुसऱ्या पडावाकडे होतं. त्यांना पडाव म्हणजे एक काळा डाग दिसत असणार, आणि मी त्या डागात आहे असं त्यांनी धरलं होतं. मी हाक मारली. पण माझा आवाज बारीक, तो काठ्यांच्या नि माणसांच्या गलक्यात कुठे पोचणार? मी उभा राहून टोपी हलवली. तेही त्यांना दिसलं नाही.

त्या दुसऱ्या पडावात मुंबईला निघालेला कुणी अनोळखी तरुण होता. धक्क्यावरचा एक म्हातारा आपल्याकडे बघून सारखा हात हलवतोय हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग तो उठून उभा राहिला आणि त्यानेही दोन्ही हात वर करून, चांगले जोरजोराने हलवले.

एवढं मात्र मेस्त्रींना दिसलं असावं. त्यांनी हात खाली घेतला, समाधानाने मान हलवली आणि पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून ते गावाकडे वळले.